पाठीचा विळा

झुलाल आबाच्या टोळीत बारा माणसं आणि तीन विळे. नऊ जण केळीचे घड खांद्यावर वाहणारे, तिघं कापणारे. कापणाऱ्याला ओझं नाही. त्यानं केळीच्या खांबाशी उभं राहायचं, डाव्या हातानं घडाचा दांडा धरायचा, उजव्यानं विळा फिरवायचा आणि खाली गोणपाटाची घडी खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या माणसावर घड अलगद उतरवायचा. मग तो माणूस वीस-पंचवीस किलो घेऊन सऱ्या तुडवत ट्रकपर्यंत जाणार आणि कापणारा पुढच्या खांबाकडे. एक ट्रक भरेपर्यंत एका खांद्यावरून सत्तर-ऐंशी घड जातात. कापणी जोरात असली की दिवसाला दोन ट्रक.

दोन विळे हाताच्या कसबावर मिळायचे. तिसऱ्याची गोष्ट निराळी होती. त्याला सगळे पाठीचा विळा म्हणत. आबाच्या बापानं घालून दिलेली रीत अशी, की वाहून वाहून ज्याची पाठ जाईल त्याला घरी बसवायचं नाही, हा विळा त्याला द्यायचा. ज्याच्याकडे विळा आहे तो जोवर स्वतःच्या तोंडानं 'मी बरा झालो' म्हणत नाही, तोवर तो कुणी मागायचा नाही. कागद नाही, सही नाही, सगळा भरवसा माणसाच्या तोंडावर. बारा माणसं एका ताटात जेवल्यासारखी राहत, तोवर हे ठीकच होतं.

तीन वर्षं हा विळा प्रेमराजकडे होता. प्रेमराज आणि पुना यांची जोडी सावद्यापासून यावलपर्यंत बागवाल्यांना माहीत होती. दोघं एकाच गल्लीतले, एकाच वर्षी टोळीत आलेले. प्रेमराजची पाठ गेली तेव्हा तो महिनाभर खाटेवर होता. त्या महिन्यात पुनानं त्याच्या वाटणीचे घडही वाहिले. टोळीनं प्रेमराजचा वाटा बंद करू नये म्हणून त्यानं स्वतः आबाला सांगितलं होतं, "त्याचं मी वाहातो, आबा. माह्या दोन खेपा जास्ती धरा." कुणी सांगितलं नव्हतं. वरून घरची भाकर त्याच्याकडे पोचवायची ती वेगळीच.

ती भाकर न्यायची तानुबाई, पुनाची बायको. ती साक्रीकडची. लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी 'आहे'ला अहिराणी 'शे' म्हणणं तिचं सुटलं नव्हतं, आणि गल्लीतल्या बाया अजून तिला त्यावरून चिडवायच्या. ती हसायची आणि पुन्हा 'शे'च म्हणायची.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वादळ आलं. अर्धा तास वारा आणि वर चार थेंब. सकाळी लोक पाहतात तर बागा आडव्या. भरलेल्या घडांसकट खांब मोडून पडलेले, आणि ऊन तर असं की दोन दिवसांत माल काळा पडणार. व्यापाऱ्यांनी ट्रक लावले. सगळ्यांना घाई.

उभ्या बागेत घड वरून खांद्यावर येतो. आडव्या बागेत तो जमिनीवर असतो. प्रत्येक घडासाठी कमरेतून वाकायचं, चिखलातून उचलायचं, छातीशी आणायचं, मग अंग वळवून खांद्यावर टाकायचं. पहिल्या दिवशी पुनानं साठ उचलले. रात्री त्याच्या कमरेला तानुबाईनं तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रकपाशी घड वर देताना तो अर्धा वळला आणि कमरेत काहीतरी सरकलं. आवाज वगैरे झाला नाही. डाव्या ढुंगणापासून पोटरीपर्यंत कुणी तापली तार ओढावी तसं झालं, आणि तो घडासकट गुडघ्यांवर बसला.

"चमक भरली," आबा म्हणाला. "उठ, दोन पावलं चाल, जाईन."

पुना उठला. दोन पावलं चालला. तिसऱ्याला पाय त्याचा राहिला नाही.

प्रेमराज विळा टाकून धावत आला. त्यानं पुनाच्या काखेत हात घालून त्याला बांधावर नेलं, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. "काही नही होत रे तुले. तुही पाठ म्हंजे रेल्वेचा रूळ हाये." हे म्हणताना त्याचा चेहरा खरोखर उतरला होता, हे पुनाला नंतरही नाकारता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रेमराजनंच त्याला मोटरसायकलवर बसवून शेजारच्या गावच्या पायाळू म्हातारीकडे नेलं. पायाकडून जन्मलेल्या माणसाची लाथ कमरेत बसली की भरलेली चमक निघते, असं सगळा भाग मानतो. पुनाही मानत होता. "मले तिच्याच लाथेनं आराम पडला होता," प्रेमराज म्हणाला. तीन सकाळी, उपाशीपोटी, उंबऱ्यावर ओणवं व्हायचं.

पुना उंबऱ्याला हात टेकून ओणवा झाला. तो कसा झाला हे त्यालाच माहीत. म्हातारी हडकुळी होती, पण लाथ चांगली बसली. पहिल्या दिवशी त्यानं ओठ चावला. दुसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा ओट्यावर दूध घालायला आलेला एक मुलगा हसला. तिसऱ्या दिवशी त्याला घरी न्यायला रिक्षा करावी लागली, आणि डाव्या पायाचा अंगठा बधिर झाला तो झालाच.

घरी पडल्या पडल्या त्याला पाठ म्हणजे काय ते कळू लागलं. बसवत नव्हतं. उभं राहिलं तर शरीर एका बाजूला कलायचं. कूस बदलायला पहिल्यांदा गुडघे, मग खांदे, मग कंबर, आणि मध्ये दोनदा थांबायचं. चप्पल तानुबाई घालायची. परसाकडे बसताना भिंतीला दोर बांधून घेतला होता. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांची केळी वाहिलेला, त्याला स्वतःचा तांब्या उचलवत नव्हता. त्याची त्याला भयंकर लाज वाटायची, आणि त्या लाजेत तो तानुबाईवरच ओरडायचा.

चौथ्या दिवशी तानुबाई चुलीवर मिरच्या भाजत होती. "मिरच्या शेत, भाईर सरका," ती म्हणाली. तो भिंत धरून सरकत होता, तेवढ्यात ठसका नाकात गेला आणि त्याला शिंक आली.

ती शिंक पुना जन्मात विसरणार नाही. कमरेत सुरी घालून फिरवली असती तरी एवढं झालं नसतं. तो भिंतीवरून घसरत खाली आला आणि तोंडानं श्वास घेत तसाच पडून राहिला. तानुबाई तवा टाकून आली. दुसरी शिंक नाकात उभी होती, ती दाबायला त्यानं नाक चिमटीत धरलं, तोंड मिटलं, देवाचं नाव घेतलं.

आणि नाक धरून पडलेला असतानाच त्याला प्रेमराज आठवला. प्रेमराज तपकीर ओढतो. खाटेवर महिनाभर होता तेव्हाही डबी त्याच्या उशाशी असायची. पुना संध्याकाळी बागेतून सरळ त्याच्याकडे जायचा, खाटेजवळ बसायचा, आणि प्रेमराज चिमूट ओढून एकामागोमाग शिंका द्यायचा. पाच, सहा, सात. अख्खं अंग हलवून, खाट करकरवून, शेवटी "आहाहा" म्हणून डोळे पुसत हसायचा. पुनाही हसायचा. एकदा त्यानं त्या शिंका मोजल्या होत्या आणि प्रेमराजला म्हणाला होता, आज आठ झाल्या.

पुनानं हे तानुबाईला सांगितलं नाही. खोटं असेल, असं त्यानं स्वतःला दोनदा सांगितलं. मग तिला म्हणाला, "मले सावद्याले डॉक्टरकडे ने."

डॉक्टर निलोफर तिशीतल्या होत्या. त्यांनी त्याला टेबलावर उताणा झोपवलं आणि डावा पाय सरळ ठेवून वर उचलला. वीतभर उचलला नाही तोच तो ओरडला. त्यांनी जळगावहून एमआरआयचा फोटो काढून आणायला लावला. दोन दिवसांनी तो फोटो खिडकीच्या उजेडात धरून त्या म्हणाल्या, "काका, हे बघा. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. ही एक बाहेर सरकलीय आणि पायाकडे जाणारी नस दाबतेय."

"एका घडानं झालं, मॅडम?"

"एका घडानं नाही. किती वर्षं वाहताय?"

"बावीस."

"एकाच खांद्यावर?"

"उजव्या."

"बावीस वर्षं एका बाजूला ओझं, कमरेतून वाकणं, आणि ओझं हातात असताना अंग वळवणं. गादी हळूहळू झिजत होती. वादळाचा घड नुसता निमित्ताला आला. आणि कमरेत लाथा मारून घेतल्या त्यानं भर पडली." त्या लाथांवर हसल्या नाहीत, याचं पुनाला बरं वाटलं. "ऑपरेशनची घाई नाही. गोळ्या घ्या, व्यायाम शिकवते तो करा. पायातली ताकद गेली किंवा लघवी कळेनाशी झाली तर मात्र त्याच क्षणी या. आणि झोपून राहू नका. चालायचं. ओझं मात्र आता उचलायचं नाही, परत कधी विचारूही नका. उभ्यानं करण्यासारखं हलकं काम आहे का तुमच्याकडं?"

"हाये," पुना म्हणाला. "आमच्यात तसं काम हाये." मग त्यानं विचारलं, "मॅडम, अशी पाठ गेलेला मानूस शिंकू शकते का? म्हंजे हसत हसत, सात-आठ डाव?"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "प्रत्येकाची पाठ वेगळी असते, काका. मी न तपासता कुणाबद्दल सांगणार नाही. पण तुम्ही शिंकलात तेव्हा काय झालं?"

पुनाला त्याचं उत्तर मिळालं होतं.

तीन आठवड्यांनी तो काठी घेऊन बागेपर्यंत चालत गेला. सकाळची कापणी संपली होती. टोळी आंब्याखाली बसली होती, डबे उघडत होती. त्याला पाहून सगळे उठले, जागा केली. त्यानं "बसता येत नही" म्हटलं आणि खोडाला टेकून उभा राहिला. प्रेमराज समोर उकिडवा बसला होता, टाचा टेकवून, भाकरीवर ठेचा घेऊन. पुना त्याच्या त्या बसण्याकडे पाहत राहिला. महिन्याभरात त्यानं स्वतः एकदाही असं बसून पाहिलं नव्हतं.

"आबा," तो म्हणाला, "डॉक्टरनं वाहानं बंद केलं. मले पाठीचा विया पाहिजे."

आबानं पाण्याचा घोट घेतला. "विया प्रेमराजकडे हाये, भाऊ. रीत तुले माहीत हाये. त्यानं तोंडानं सांगेपर्यंत तो त्याचा. तू असं कर, बायांसंगं ट्रकमधी पाला अंथर. हलकं काम हाये."

"पाला वाकून अंथरावा लागते, आबा."

"मंग काय करू मी?"

पुना प्रेमराजकडे वळला. पूर्ण शरीरानं वळला, कारण आता नुसती मान वळवून चालत नव्हतं. "तू बरा झाला ना रे, प्रेमराज? सांग ना आबाले. तीन वर्स झाले."

"कुठी बरा झालो?" प्रेमराज म्हणाला. "रात्री कूस बदलता येत नही मले."

"कशी बदलतो? आधी काय हालवतो?"

"म्हंजे?"

"कूस बदलताना. आधी गुडघे का आधी खांदे?"

प्रेमराज भाकरीवरचा ठेचा बोटानं सारखा करू लागला. कुणीतरी खोकलं. पुनाचा आवाज चढला. "तू तपकीर ओढून शिंकत होता. मी मोजत होतो बसून. आठ शिंका, प्रेमराज! मले एक शिंक आली तं मी भुईवर पडलो. तुले काही झालं नव्हतं. माह्या खांद्यावर तू तुह्ये घड टाकले. ही पाठ तू खाल्ली माही."

त्याला वाटलं होतं आता टोळी उठेल. आबा विळा काढून घेईल, निदान एखादा तरी शिवी देईल. पण सगळे आपापल्या डब्यात पाहत होते. कुणाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं. पुनानं एकेकाकडे पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं, की ह्यांना हे आधीच माहीत आहे. बारा माणसांत न कळलेला तो एकटाच होता.

प्रेमराजनं हात धुतले, पंच्याला पुसले आणि उठून त्याच्याजवळ आला. आवाज खाली करून बोलला, पण सगळ्यांना ऐकू येत होतं. "हो, नव्हती गेली पाठ. पन जानार होती. माह्या बापाची गेली, मोठ्या भावाची गेली, दोघं खाटेवर सडले. पाठ गेल्यावर विया घेऊन काय करू? मी आधीच उतरलो. तुलेही अक्कल असती तं तूही उतरला असता."

"मले सांगायचं होतं."

"तुले सांगायचं?" प्रेमराज एकदम चिडला. "सगळ्यांच्या समोर मलेच इचारतो तू? घरी जाय. तुह्या तानूले इचार तिले कधीपासून माहीत हाये ते."

बागेपासून घरापर्यंतचा रस्ता पंधरा मिनिटांचा. पुनाला तासभर लागला. दोनदा बांधाला टेकून थांबला. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा दुखत नव्हतं, तरी थांबला.

घरी तानुबाईनं मीठ तापवून पुरचुंडी बांधून ठेवली होती. दुपारी शेक घ्यायचा हे रोजचंच. तो सतरंजीवर पालथा झाला, तिनं सदरा वर केला आणि शेक द्यायला सुरुवात केली. बऱ्याच वेळानं तो सतरंजीत तोंड घालूनच म्हणाला, "प्रेमराज म्हनते, तुले माहीत होतं."

पुरचुंडी थांबली. तिनं नाही म्हणावं म्हणून तो श्वास धरून पडला होता.

"माहीत व्हतं," तानुबाई म्हणाली.

"कधीपासून?"

"तो खाटवर व्हता तवयपासून. मी भाकर लई गयी. तो माचावर चढीसन कडबानी पेंढी फेकी ऱ्हायंता. माले देखं नि उतरी गया." ती थांबून थांबून बोलत होती. "त्यानी बायको कमलबाईनी मना हात धरा. बोलनी, तू गप ऱ्हाय, सारिकाना लगीननं मी देखस. हितेंद्र तिनी नणंदना पोर."

सारिका त्यांची एकुलती एक मुलगी. हितेंद्रशी तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. चांगलं घर, नोकरीचा मुलगा. प्रेमराजनं एवढं स्थळ आणलं म्हणून पुनानं मांडवात त्याच्या गळ्यात पडून रडून घेतलं होतं.

"मी त्याचे घड वाहू राह्यलो होतो, तानू. तू रोज रात्री तेल लावत होती मले."

"हां."

"एक दिवस तरी सांगायचं."

"सांगतू नि तुम्ही त्याना घर जाईसन भांडतात. मंग पोर? तीन पाव्हना देखीसन गयात, एकनी बी होकार दिधा नही. तवय तुम्ही बी रडनात ना ओ." तिचा आवाज फाटला. "माले वाटनं पाठ शे, दुखी, बरी व्हई जाई. पोरनं लगीन गयं ते परत येत नही. माले काय माहीत असं व्हई."

तिचं चुकलं असं म्हणावं तर मुलीचा सुखाचा संसार डोळ्यांसमोर होता. बरोबर केलं म्हणावं तर ही कंबर होती. माणूस शत्रूवर चिडतो, ते सोपं असतं. हिच्यावर चिडायचं म्हणजे चोवीस वर्षं उसवायची.

तेवढ्यात उशाजवळचा फोन वाजला. सारिका होती. तानुबाईनं फोन त्याच्या कानाशी धरला.

"बाबा, पाठ कशी आहे?"

"बरी हाये, बेटा."

"बाबा, टोळीत काय झालं? प्रेमराजमामांनी फोन करून सासूबाईंना सांगितलं, तुम्ही त्यांना चारचौघांत लबाड म्हणालात. त्या तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीयेत. हेही जेवायला आले नाहीत." तिनं आवाज बारीक केला. "मला पाचवा महिना आहे, बाबा. मी काय सांगू त्यांना? मामा खोटं बोलले का?"

पुनानं डोळे मिटले.

"नही, बेटा," तो म्हणाला. "मीच रागात बोललो. दुखते ना, मंग मानूस काहीही बोलते. तुह्या सासूले सांग, प्रेमराजची पाठ खरंच गेली होती. महिनाभर उठला नही तो. मी रोज जात होतो ना त्याच्याकडे, मी पाह्यलं हाये. उद्या मी स्वतः जाऊन त्याची माफी मागतो म्हनाव."

"नक्की ना, बाबा?"

"नक्की. तू जेवून घे."

फोन बंद झाला. तानुबाईनं डोळे पुसले, पुरचुंडी तव्यावर पुन्हा तापवली, मनगटाला लावून पाहिली आणि त्याच्या कमरेवर ठेवायला वाकली.

"हात नको लावू," पुना म्हणाला.

ती पुरचुंडी हातात धरून तिथंच बसली. ती गार झाली तरी बसून होती. पुनाला उठून बाहेर जायचं होतं, निदान ओट्यावर. त्यानं गुडघा हलवला, मग खांदा उचलून पाहिला, पुन्हा गुडघा. मग तो तसाच पालथा पडून राहिला, कारण तिनं हात दिल्याशिवाय त्याला उठता येत नव्हतं.